दोन बायका, अर्धा चौरस मैल

२२ डिसेंबर १८५२ रोजी अमेरिकेच्या ओरेगन टेरिटरीच्या, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशाच्या, विधिमंडळाने एक छोटेखानी कायदा मंजूर केला. डी. एस. मेनार्ड आणि लिडिया मेनार्ड यांचे लग्न मोडले आहे, एवढेच त्यात म्हटले होते. का मोडले, याबद्दल अक्षर नाही. कोणाची साक्ष झाली नव्हती, कुठले न्यायालय बसले नव्हते आणि बायकोला नोटीसही गेली नव्हती. लिडिया तेव्हा खंडाच्या दुसऱ्या बाजूला, ओहायोत होती. २४ वर्षांचा आपला संसार कायद्याने संपला, ही खबर तिला लागली ती पुढच्या वर्षीच्या जुलैत.

विधिमंडळाने घटस्फोट देण्यात तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. इंग्लंडचे पार्लमेंट एकेका जोडप्यासाठी खास कायदा करून घटस्फोट देत आले होते आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांनी व टेरिटऱ्यांनी तीच वहिवाट चालू ठेवली होती. या घटस्फोटाचे वेगळेपण असे की त्याच्या पोटात जमीन होती. ६४० एकर, म्हणजे बरोबर एक चौरस मैल. त्या मैलाच्या अर्ध्या हिश्श्यावर कोणत्या बायकोचा हक्क, हा कज्जा पुढे ३५ वर्षे चालला. जमीन कचेरी, राजधानी वॉशिंग्टनमधले अंतर्गत खाते, टेरिटरीची न्यायालये असे करत तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. शेवटी पहिल्या बायकोच्या वारसांना त्यातले काही मिळाले नाही, दुसऱ्या बायकोलाही नाही.

अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत नवरा-बायकोच्या मालमत्तेला इंग्रजी कायद्याची चौकट होती. लग्न लागले की बायकोची कायद्यातली स्वतंत्र ओळख नवऱ्याच्या ओळखीत विरघळून जाई. तिचे पैसे, दागिने, गुरे नवऱ्याची होत. तिच्या नावची जमीन असली तरी कारभार त्याच्या हाती जाई. तिला एकटीने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. नवरा मेला तर त्याच्या स्थावरातल्या एक तृतीयांश हिश्श्याचा उपभोग हयातभर मिळे, तोही फक्त उपभोग. श्रीमंत बाप वकील गाठून मुलीच्या नावे विश्वस्त नेमत आणि तिचे धन जावयाच्या सावकारांपासून राखत. पण बैलगाडीत संसार भरून पश्चिमेला निघालेल्या कुटुंबाला असा वकील कुठून मिळणार? तिकडे रोकड कमी, कर्ज जास्त आणि जमीन अफाट, अशी गत होती. शिवाय ‘जागा बघून येतो’ म्हणून गेलेला नवरा परत येईलच, याचा भरवसा नव्हता.

अशा या सरहद्दीवर अमेरिकन काँग्रेसने १८५० मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालकीची जमीन देऊ केली. पूर्वेकडच्या बहुतेक स्त्रियांना हे ऐकूनही खरे वाटले नसते.

ओरेगनचा प्रदेश १८४६ पर्यंत ब्रिटन आणि अमेरिका या दोघांच्या संयुक्त ताब्यात होता. तो अमेरिकेचाच राहावा, तर तिथे अमेरिकन लोक घरेदारे करून राहिले पाहिजेत, असे राज्यकर्त्यांचे गणित होते. एकटे पुरुष येतात, फर विकतात, सोने शोधतात आणि निघून जातात. बायको आली की चूल पेटते, मुले होतात, शाळा निघते. ओरेगनचे प्रतिनिधी सॅम्युअल थर्स्टन यांच्या खटपटीने २७ सप्टेंबर १८५० रोजी डोनेशन लँड ॲक्ट झाला. १ डिसेंबर १८५० पूर्वी ओरेगनात वसलेल्या, १८ वर्षांवरील गोऱ्या पुरुषाला (मिश्र रक्ताचे इंडियनही त्यात धरले होते) ३२० एकर फुकट. तो विवाहित असेल किंवा त्या तारखेपासून वर्षभरात लग्न करील, तर ६४० एकर. त्यातली निम्मी त्याची आणि निम्मी बायकोची, तिच्या स्वतःच्या हक्काने. अट एकच: सलग चार वर्षे जमिनीवर राहायचे आणि ती कसायची. उशिरा येणाऱ्यांना याच्या निम्मे क्षेत्र मिळे, पण तिथेही बायकोचा वाटा होताच.

थोडक्यात, बायको असली तर ३२० एकर जास्त. या हिशेबाचे परिणाम लगेच दिसले. मुदत संपायच्या आत लग्न उरकायची घाई उडाली आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरींची लग्ने जमीन मिळावी म्हणून प्रौढ पुरुषांशी लावली गेली. लग्न हा जमिनीचा दाखला झाला होता.

हा विचार एकट्या ओरेगनचा नव्हता. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाची राज्यघटना लिहायला मॉन्टेरे येथे प्रतिनिधी जमले, तेव्हा बायकोची मालमत्ता तिचीच राहावी या कलमावर वाद झाला. मेक्सिकोच्या अमलातून चालत आलेली, बायकोचे धन तिचेच मानणारी स्पॅनिश परंपरा तिकडे आधीच रुजलेली होती. हेन्री हॅलेक या ब्रह्मचारी प्रतिनिधीने कलमाच्या बाजूने दिलेले कारण मोकळेढाकळे होते: श्रीमंत बायकांनी कॅलिफोर्नियात यावे यासाठी यापेक्षा मोठे आमिष नाही, तेव्हा सभागृहातल्या सगळ्या अविवाहितांनी याला मत द्यावे. कलम मंजूर झाले. स्त्रीचा हक्क इथेही वस्तीच्या सोयीतूनच उगवला होता.

डेव्हिड मेनार्ड १८०८ साली व्हरमाँटमध्ये जन्मला. पेशाने डॉक्टर, स्वभावाने बोलका, उदार आणि हिशेबात कच्चा. १८२८ मध्ये त्याचे लिडियाशी लग्न झाले. हेन्री आणि फ्रान्सिस अशी दोन मुले झाली. ओहायोत त्याच्या डोक्यावर कर्ज चढले. १८५० च्या वसंतात तो कॅलिफोर्नियाला जातो म्हणून निघाला. दोन वर्षांत परत येईन नाहीतर तुम्हाला बोलावून घेईन आणि तोवर खर्चाला पैसे पाठवीन, असा शब्द त्याने बायकोला दिला. पुढे न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंद झाली ती अशी की जाताना त्याने घरखर्चाची काहीच तजवीज केली नाही आणि नंतरही दमडी पाठवली नाही.

त्या वर्षी पश्चिमेच्या वाटेवर कॉलऱ्याने थैमान घातले होते. डॉक्टर असल्यामुळे मेनार्डला तांड्यांमधून बोलावणी येत. अशाच एका तांड्यात इझ्रायल ब्रोशियर्स कॉलऱ्याने गेला. त्याची विधवा कॅथरीन हिला ओरेगनच्या उत्तरेला प्युजेट साउंडकाठी राहणाऱ्या आपल्या भावाकडे जायचे होते. मेनार्डने तिची बैलगाडी हाकायला घेतली आणि कॅलिफोर्निया मागे पडले. १६ सप्टेंबर १८५० रोजी तो ओरेगन टेरिटरीत स्थायिक झाल्याची नोंद आहे. कायद्याने ठरवलेल्या तारखेच्या अडीच महिने आधी.

कॅथरीनचा भाऊ मायकेल सिमन्स हा त्या भागातला आघाडीचा वसाहतकार. ओहायोत बायको असलेल्या माणसाने बहिणीभोवती घोटाळावे, हे त्याला पटणे शक्य नव्हते. मेनार्डने ऑलिंपियात दुकान टाकले आणि इतक्या स्वस्तात माल विकला की इतर दुकानदार वैतागले. अखेर दुवामिश आणि सुक्वामिश लोकांचा प्रमुख सिआल्ह, ज्याला गोरे लोक ‘सिएटल’ म्हणत, त्याच्या आग्रहावरून मेनार्ड उत्तरेला एलियट उपसागराच्या काठी आला. ३ एप्रिल १८५२ पासून त्याने तिथल्या ६४० एकरांवर हक्क सांगितला. नव्या वस्तीला सिएटलचे नाव देण्यात त्याचाच पुढाकार होता.

आता गाठ कशी बसली ते पाहू. ६४० एकर मिळायला मेनार्ड विवाहित हवा होता. १ डिसेंबर १८५१ पर्यंतच्या मुदतीत त्याची एकच बायको होती, ती म्हणजे लिडिया. म्हणजे जमीन मिळणार ती लिडियाच्या जोरावर. पण त्याला लग्न करायचे होते कॅथरीनशी, आणि त्यासाठी लिडिया नको होती. डिसेंबर १८५२ मध्ये विधिमंडळाने घटस्फोट दिला. १५ जानेवारी १८५३ च्या सुमारास ऑलिंपियाजवळच्या बुश प्रेअरीत त्याचे कॅथरीनशी लग्न झाले. आठ दिवसांनी, २३ जानेवारीला, सिएटल वस्तीतले पहिले लग्न लागले: डेव्हिड डेनी आणि लुईझा बोरेन यांचे. ते लावणारा जस्टिस ऑफ द पीस होता डॉक्टर मेनार्ड.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जमिनीच्या दाव्यासोबत त्याने शपथेवर लिहून दिले की डिसेंबर १८५२ पर्यंत मी लिडियाचा नवरा होतो. एका कागदावर बायको नाकारायची आणि दुसऱ्या कागदावर तिच्याच नावाने जमीन मागायची, ही कसरत त्याने बिनदिक्कत केली.

बुश प्रेअरी हे नाव ज्याच्यावरून पडले, त्या जॉर्ज बुशची हकीकतही याच कायद्यातली आहे. बुश कृष्णवर्णीय बापाचा मुलगा. सिमन्सच्याच तांड्याबरोबर तो आला होता आणि टंचाईच्या दिवसांत त्याच्या धान्यावर शेजारी जगले होते. पण डोनेशन कायदा गोऱ्यांसाठी, म्हणून त्याच्या शेताला कायद्याचा आधार नव्हता. शेजाऱ्यांनी अर्ज केले आणि १८५५ मध्ये काँग्रेसने बुश आणि त्याची पत्नी इझाबेला यांच्यासाठी ६४० एकरांचा खास कायदा केला. विधिमंडळाचा खास कायदा कुणाचे घर राखी, कुणाचे मोडी. वजन कोणाच्या बाजूला पडते, यावर सगळे होते.

सिएटलात मेनार्डने जमिनीचे भूखंड पाडले. शेजारच्या आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन यांनी आपले रस्ते किनाऱ्याला समांतर आखले, तर मेनार्डने होकायंत्र लावून उत्तर-दक्षिण. मे १८५३ मध्ये दोन्ही नकाशे एकाच दिवशी दाखल झाले आणि जुन्या सिएटलचे रस्ते हद्दीवर एकमेकांना नीट जुळत नाहीत, ते आजतागायत. लोहार यावा, दुकान निघावे, गाव वाढावे म्हणून मेनार्ड भूखंड मातीमोलाने विकत असे. पुढे १८५७ मध्ये त्याने चार्ल्स टेरीला सिएटलमधले २६० एकर देऊन अल्की येथले ३२० एकर घेतले. तो व्यवहार त्याला फळला नाही. कॅथरीन सगळीकडे त्याच्यासोबत होती. दोघांनी गावातला पहिला दवाखाना चालवला. तो औषध देई, ती शुश्रूषा करी.

इकडे जमीन कचेरीत कागद कुजत होते. एप्रिल १८५६ मध्ये चार वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा दिला गेला, तरी बायकोच्या हिश्श्यावर गाडे अडलेलेच होते. मध्यंतरी लिडिया वारली असे सरकारदरबारी धरले गेले. मग ती जिवंत असल्याचे उघड झाले आणि पुन्हा पुरावे मागवले गेले. अखेर जून १८७२ मध्ये कचेरीने प्रमाणपत्र काढले: पश्चिमेचा अर्धा भाग डेव्हिडला, पूर्वेचा अर्धा लिडियाला. २० वर्षांपूर्वी टाकलेल्या बायकोला सरकारने तिचा वाटा दिला.

जमिनीच्या या प्रकरणापायी लिडिया सिएटलला आली. ती डेव्हिड आणि कॅथरीनच्याच घरी उतरली आणि डॉक्टर गावातून दोन बाजूंना दोन बायका घेऊन हिंडला, असे तिथल्या जुन्या आठवणींत सांगतात. गावाला त्यात गंमत वाटली. त्या दोघींना मात्र ही गंमत परवडणारी नव्हती, कारण एकीचा हक्क शाबीत होणे म्हणजे दुसरीचा बुडणे. मार्च १८७३ मध्ये मेनार्ड वारला.

प्रकरण राजधानीतल्या जनरल लँड ऑफिसकडे गेले. आयुक्तांनी डेव्हिडचा पश्चिम भाग कायम केला आणि पूर्व भागाचे प्रमाणपत्र रद्द केले. त्यांचा तर्क काटेकोर होता. चार वर्षांची मुदत पुरी झाल्यावर जमिनीचा हक्क पक्का होतो. १८५६ मध्ये ती पुरी झाली, तेव्हा लिडिया बायको नव्हती, म्हणून तिला नाही. कॅथरीन बायको होती, पण १ डिसेंबर १८५१ च्या आत तिचे लग्न झालेले नव्हते, म्हणून तिलाही नाही. अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांनी हा निर्णय उचलून धरला. बायकोचा अर्धा भाग पुन्हा सरकारजमा झाला.

लगेच त्यावर नव्या माणसांची नजर गेली. त्या काळात ‘लँड स्क्रिप’ मिळे. ते दाखवून कुठलीही मोकळी सरकारी जमीन निवडता येई. हिल आणि लुईस या दोघांनी असे स्क्रिप या तुकड्यावर लावले आणि सरकारकडून मालकीपत्रे मिळवली. १८७० च्या जनगणनेत सिएटलची वस्ती १,१०७ होती. १८८० मध्ये ती ३,५३३ झाली आणि १८९० मध्ये ४२,८३७. फुकट मिळालेल्या रानाचे शहर होत होते.

लिडियाच्या पश्चात हेन्री मेनार्ड आणि फ्रान्सिस पॅटरसन या तिच्या मुलांनी दावा लावला: आईला न कळवता केलेला घटस्फोट पोकळ आहे, ती शेवटपर्यंत बायको होती, तेव्हा पूर्वेचा अर्धा भाग आमचा, हिल आणि लुईस यांनी तो आमचे विश्वस्त म्हणून सोडावा. टेरिटरीच्या न्यायालयांत ते हरले. १९ मार्च १८८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मेनार्ड विरुद्ध हिल’चा निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्टीफन फील्ड स्वतः सरहद्दीवर घडलेले होते. १८४९ च्या सोन्याच्या लाटेत ते कॅलिफोर्नियाला गेले आणि मेरीजव्हिल गावचे अल्काल्दे, म्हणजे गावमुख्य आणि न्यायाधीश, झाले होते.

फील्ड यांनी नवऱ्याच्या वागण्याची भलामण केली नाही. त्याला निर्लज्ज म्हणायला ते कचरले नाहीत. पण त्याच्या नीतीचा विधिमंडळाच्या अधिकाराशी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. विवाह हा इतर करारांसारखा करार नाही, ती समाजाची पायाभूत संस्था आहे आणि तिच्यावर विधिमंडळाची सत्ता चालते. म्हणून करार मोडण्यास मनाई करणारी राज्यघटनेतली तरतूद इथे लागू नाही. घटस्फोट झाला तेव्हा चार वर्षे भरलेली नव्हती, त्यामुळे लिडियाचा जमिनीवर पक्का हक्क बसलेलाच नव्हता. दोन न्यायमूर्ती, मॅथ्यूज आणि ग्रे, असहमत होते. बहुमत हिल यांच्या बाजूने होते. पूर्वेचा अर्धा भाग स्क्रिपवाल्यांकडेच राहिला.

लिडियाचा खटला कुठे कमजोर होता, हे अर्धशतकापूर्वीच्या एका दुसऱ्या सरहद्दीवरच्या खटल्याशेजारी ठेवले की दिसते. मिसिसिपीत चिकसॉ जमातीची बेट्सी लव्ह हिने जेम्स ॲलन या गोऱ्याशी लग्न केले होते. १८२९ मध्ये तिने टोनी नावाचा गुलाम आपल्या मुलीच्या नावे करून दिला. पुढे जेम्सच्या कर्जापायी जॉन फिशर या धनकोने टोनीवर जप्ती आणवली. नवऱ्याचे कर्ज, तर बायकोची मालमत्ता विकायची, असा इंग्रजी कायद्याचा साधा हिशेब होता. पण लग्न चिकसॉ रिवाजाने झाले होते आणि त्या रिवाजात बायकोचे धन बायकोचेच राहत असे. १८३७ मध्ये ‘फिशर विरुद्ध ॲलन’मध्ये मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयाने तो रिवाज मानला आणि धनको हरला. दोनच वर्षांनी, १८३९ मध्ये, मिसिसिपीने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. या विजयाचा काळा भाग असा की ज्या ‘मालमत्ते’वरून भांडण झाले तो जिवंत माणूस होता आणि निकालाने टोनीच्या पायातली बेडी सुटली नाही.

बेट्सीचा हक्क तिच्या व्यक्तीचा होता. लग्नाआधी तो होता, लग्नात राहिला आणि नवऱ्याच्या कर्जाने बुडाला नाही. लिडियाला काँग्रेसने दिले ते तिच्या नात्यामुळे. कायद्याने जमीन ‘बायको’ला दिली होती, लिडियाला नव्हे, आणि बायको कोण, हे नवरा आणि विधिमंडळ मिळून ठरवू शकत होते. म्हणून वस्तीसाठी बायको हवी होती तोवर ३२० एकर तिचे होते आणि वस्ती उभी राहिल्यावर ते कोणाचेच उरले नाहीत. कॅथरीनचेही तेच. वर्षानुवर्षे तिने त्या गावात रुग्ण सांभाळले, पण कायद्याला हवी होती फक्त लग्नाची तारीख.

या वाटणीच्या बाहेर राहिलेले पक्षकारही विसरता येणार नाहीत. १८५२ मध्ये मेनार्डने ज्या भूमीवर हक्क सांगितला, ती तेव्हा दुवामिश लोकांनी कोणाला दिलेली नव्हती. पॉइंट एलियटचा करार जानेवारी १८५५ मध्ये झाला, आणि अमेरिकन सिनेटने तो मान्य केला १८५९ मध्ये. डोनेशन कायद्याने जमीन वाटून टाकली होती ती या कराराच्या कितीतरी आधी. १८६५ मध्ये सिएटलच्या पहिल्या नगरमंडळाने इंडियनांनी गावात राहू नये, असा वटहुकूम काढला. सिआल्हच्या नावाच्या गावातून सिआल्हच्याच लोकांना बाहेर काढले. दोन बायकांच्या हक्काचा बारीक कीस पाडणाऱ्या कचेऱ्यांना हा तिसरा हक्क कधी विचारार्थ घ्यावासा वाटला नाही.

कायदे मात्र हळूहळू बदलले. सिएटल आता ज्यात होते त्या वॉशिंग्टन टेरिटरीने १८६९ मध्ये नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेची पद्धत स्वीकारली. १८८६ मध्ये काँग्रेसने टेरिटऱ्यांच्या विधिमंडळांना खास कायद्याने घटस्फोट देण्यास मनाई केली. मेनार्डने घेतला तसा घटस्फोट त्यानंतर टेरिटऱ्यांत मिळेना. लिडियाच्या मुलांसाठी मात्र या दुरुस्त्या उशिराच आल्या.

निकाल मागे उरला. काळा-गोरा विवाहाची बंदी उठवणाऱ्या १९६७ च्या ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ निकालात ‘मेनार्ड विरुद्ध हिल’चा हवाला आहे आणि समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २०१५ च्या निकालातही. विवाह किती मोठी गोष्ट आहे, हे सांगायला न्यायाधीश अजून फील्ड यांची वाक्ये उद्धृत करतात. त्या थोरवीचा उपयोग १८८८ मध्ये मात्र एवढाच झाला होता की विवाह करारापेक्षा मोठा ठरला, म्हणून त्याला कराराचे संरक्षण मिळाले नाही. ज्या स्त्रीला तो विवाह मोडल्याचे सात महिन्यांनी कळले, तिच्या वारसांना कायद्याने हाच हिशेब सांगितला.